सरखेलांची समाधी आणि लंडनचा मनोरा

अलिबागला जाणारा पर्यटक किनारा गाठतो, ओहोटी असेल तर पायी किंवा घोडागाडीतून कुलाबा किल्ल्यात जातो आणि भरतीचे पाणी चढण्यापूर्वी परततो. त्याच शहरात, बाजाराच्या गजबजाटापासून फार दूर नसलेल्या जागी, आंग्रे घराण्याच्या समाध्या आहेत. त्यांतील एक कोरीव दगडी समाधी ४ जुलै १७२९ रोजी निधन पावलेल्या कान्होजी आंग्रे यांची आहे. मराठी आरमाराचा हा सरखेल जिवंत असेपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिन्ही सत्तांना त्याच्याकडून त्याचा एकही प्रमुख जलदुर्ग हिरावून घेता आला नाही.

लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावरील झाडीत सुमारे ६३ फूट उंचीचा, तीन बुरुजांचा एक त्रिकोणी मनोरा उभा आहे. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. इंग्रजी वाटणारे हे नाव मुळात आपल्या हर्णैच्या सुवर्णदुर्गाचे आहे. इंग्रजांच्या जिभेवर त्याचे असे रूप झाले. आंग्र्यांकडून हा किल्ला जिंकून घेणाऱ्या कमोडोर विल्यम जेम्स याच्या स्मरणार्थ त्याच्या विधवेने १७८४ मध्ये हा मनोरा बांधवून घेतला. ज्या किल्ल्याने कान्होजींना नाव दिले, त्याच किल्ल्याच्या पाडावाचे स्मारक लंडनमध्ये आहे.

कान्होजींच्या आयुष्याची सुरुवातच सुवर्णदुर्गाच्या सावलीत झाली. त्यांचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. समुद्राची आणि समुद्रावर जगणाऱ्या माणसांची ओळख कान्होजींना बालपणीच झाली.

संभाजी महाराजांच्या वधानंतर स्वराज्यावर मोठे संकट कोसळले. राजाराम महाराज जिंजीत अडकलेले, रायगड मोगलांच्या हाती गेलेला आणि कोकणात जंजिऱ्याचा सिद्दी एकेक ठाणे गिळंकृत करीत चाललेला. अशा वेळी सुवर्णदुर्गाचा किल्लेदार सिद्दीशी संधान बांधून किल्ला त्याच्या स्वाधीन करण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी शिबंदीला विश्वासात घेतले, किल्लेदाराला दूर केले आणि किल्ला लढवला. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या या कथेच्या तपशिलात फरक आढळतात. सुवर्णदुर्ग मात्र सिद्दीच्या हाती गेला नाही आणि कान्होजींचे नाव कोकणपट्टीत सर्वतोमुखी झाले. पुढे आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर, १६९८ च्या सुमारास, सरखेलपद कान्होजींकडे आले. त्यांनी कुलाबा किल्ला हे आपले मुख्य ठाणे केले. किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यावरील अलिबागला त्यांच्या काळात शहराचे रूप आले आणि त्यांनी पाडलेला अलिबागी रुपया चलनात फिरू लागला.

शिवकालात उभे राहिलेले आरमार तोवर पुष्कळसे विस्कळीत झाले होते. कान्होजींनी ते नव्याने बांधले. त्यात दोन प्रकारच्या जहाजांवर मुख्य भर होता. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, दीडशे ते तीनशे टनांचे, उथळ तळाचे जहाज. त्याची नाळ पुढे निमुळती आणि बुटकी असे आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा रोखलेल्या असत. गलबत त्याहून लहान व हलके. चाळीस-पन्नास वल्ह्यांवर ते वारा नसतानाही वेगाने पळे. युरोपीय जहाजांच्या तोफा प्रामुख्याने दोन्ही बाजूंना असत. त्यामुळे आंग्र्यांचे तांडेल शत्रूच्या पिछाडीला जात, डोलकाठ्या व शिडे निकामी करीत आणि मग गलबतांतील माणसे हातात तलवारी घेऊन जहाजावर चढत. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत. खोल समुद्रात, भर वाऱ्यात मोठ्या इंग्रजी जहाजाशी समोरासमोर झुंजण्याचा हव्यास कान्होजींनी धरला नाही. आपले बळ किनाऱ्यालगत, खाड्यांच्या तोंडाशी आणि जलदुर्गांच्या तोफांच्या आडोशाला आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या जहाजांवर कोळी, भंडारी, खारवी, गाबित आणि दालदी मुसलमान खलाशी होते. युरोपातील काही गोलंदाजही कान्होजींनी नोकरीत ठेवले होते. समुद्रावर मेलेल्यांच्या नावे दगड उभारण्याची रीत कोकणाला नवी नव्हती. बोरिवलीजवळच्या एकसर येथील मध्ययुगीन वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगा आणि समुद्रात कोसळणारे योद्धे आजही पाहता येतात. त्या योद्ध्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. कान्होजींच्या गुराबांवर मेलेल्या बहुसंख्य खलाशांच्या वाट्याला तर असा दगडही आलेला नाही.

शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठी राज्यात दोन गाद्या झाल्या. कान्होजी ताराबाईंच्या बाजूने राहिले. त्यांना आवरण्यासाठी शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. लोहगड-राजमाचीपर्यंत त्यांचा अंमल बसला आणि सातारा धोक्यात आला. तेव्हा पेशवेपदाची वस्त्रे नुकतीच मिळालेले बाळाजी विश्वनाथ बोलणी करण्यासाठी निघाले. बाळाजी श्रीवर्धनचे, कोकणचा माणूस कोकणच्या माणसाला भेटायला आला. लोणावळ्याजवळ दोघांत तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती मानले आणि पेशव्यांची सुटका केली. त्यांच्याकडे दहा किल्ले, सोळा गढ्या आणि सरखेलपद कायम राहिले. हा तह ध्यानात घेतल्याशिवाय पुढे इंग्रजांनी कान्होजींवर मारलेल्या शिक्क्याचा विचार करता येत नाही. छत्रपतींनी नेमलेला, मुलुखाचा महसूल पाहणारा आणि राज्याच्या आरमाराचा अधिपती असलेला हा माणूस इंग्रजी दप्तरांत मात्र चाचा म्हणून नोंदला गेला.

वादाचे मूळ दस्तकात होते. कोकण किनाऱ्यावरून ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजांनी सरखेलांचा परवाना घ्यावा आणि त्यासाठी रक्कम भरावी, असा कान्होजींचा दंडक होता. परवाना नसलेले जहाज ते पकडत. ही पद्धत त्यांनी शोधून काढलेली नव्हती. पोर्तुगीजांनी त्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे हिंदी महासागरात कार्ताझ नावाचे असेच परवाने सक्तीने विकले होते आणि ते नसलेली जहाजे जप्त केली होती. पोर्तुगीजांनी केले तर तो समुद्रावरील हक्क आणि कान्होजींनी केले तर ती लूट, असा हा न्याय होता. अर्थात दस्तकाचा बोजा शेवटी व्यापाऱ्यांवरच पडे, त्यांत देशी व्यापारीही होते आणि सरखेलांच्या माणसांचा हात हलका नव्हता, हेही खरेच. कान्होजींना संत ठरवण्याची गरज नाही. ते आपल्या काळातील समुद्री सत्ताधीशांसारखेच वागत होते.

नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईच्या इंग्रजांना याचा चांगलाच चटका बसला. गव्हर्नर विल्यम एसलाबी यांची सशस्त्र नौका आणि तिच्या सोबतचे एक जहाज आंग्र्यांच्या ताफ्याने पकडले. कंपनीच्या कारवार वखारीचा नवा प्रमुख थॉमस चाउन या चकमकीत ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी घेऊन कान्होजींनी फेब्रुवारी १७१३ मध्ये तिची सुटका केली. त्याच सुमारास इंग्रजांशी समेट होऊन कंपनीच्या जहाजांना त्रास न देण्याचे ठरले. पण कंपनीची जहाजे म्हणजे नेमकी कोणती? मुंबईतील देशी व्यापारी आपला माल इंग्रजी निशाणाखाली पाठवू लागले. तह कंपनीच्या जहाजांपुरता आहे, तिच्या झेंड्याआड दडलेल्या इतरांच्या मालाला तो लागू नाही, असे कान्होजींचे म्हणणे होते. इंग्रजांना ते मान्य नव्हते. पुढची सारी युद्धे या एका मुद्द्याभोवती फिरत राहिली.

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर म्हणून दाखल झाला आणि आंग्र्यांचा बीमोड हा त्याने ध्यासच घेतला. त्याने शहराभोवतीचा तट बांधून घेतला. या तटाच्या तीन दरवाजांपैकी चर्चच्या दिशेचा दरवाजा म्हणजे चर्चगेट. तट गेला, दरवाजा गेला, स्थानकाचे नाव राहिले. रोज लोकलमधून तेथे उतरणाऱ्या मुंबईकराच्या पायाखाली कान्होजींच्या धाकाचाही काही अंश आहे.

बूनने नवी लढाऊ जहाजेही बांधली. १७१७ मध्ये त्याच्या ताफ्याने विजयदुर्गावर हल्ला केला. तोफगोळे खडकावर आणि तटावर आपटून फुकट गेले आणि तटाला लावलेल्या शिड्या अपुऱ्या पडल्या. १७१८ मध्ये खांदेरीवर स्वारी झाली, तीही फसली. १७२० मध्ये ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना मोठ्या खर्चाने तयार करून पुन्हा विजयदुर्गावर नेण्यात आला. प्रत्यक्ष माऱ्याच्या वेळी तो कुचकामी ठरला.

अपयशाचे खापर कुणाच्या तरी माथी फोडणे भाग होते. मुंबईतील धनाढ्य सारस्वत व्यापारी रामा कामत यांच्यावर ते फुटले. वाळकेश्वरचे देवालय १७१५ मध्ये पुन्हा उभारणारे हेच रामा कामत. कंपनीसाठी शिपाई गोळा करणाऱ्या या गृहस्थांवर १७२० मध्ये आंग्र्यांशी फितुरीचा खटला चालला. पुराव्यातील पत्र बनावट होते, हे पुढे उघड झाले. तोवर मालमत्ता जप्त झाली होती. १७२८ मध्ये रामा कामत कैदेतच मरण पावले. कान्होजींच्या शत्रूंनी केलेल्या अन्यायांच्या यादीत हे प्रकरण सहसा घेतले जात नाही. ते घ्यायला हवे.

डिसेंबर १७२१ ची कुलाब्यावरील मोहीम ही या संघर्षातील सर्वांत मोठी. इंग्लंडच्या राजाने कमोडोर थॉमस मॅथ्यूज याच्या हाताखाली शाही नौदलाची चार जहाजे पाठवली होती. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः सैन्यासह आला. दोन्ही सत्तांचे मिळून सुमारे सहा हजार सैनिक अलिबागजवळ जमले. ठरल्याप्रमाणे इंग्रज पायदळाने किल्ल्यावर चढाई केली. पण साताऱ्याहून आलेल्या मराठी घोडदळाने पोर्तुगीजांच्या बाजूवर झडप घातली आणि ती फळी कोसळली. इंग्रजांना तोफा आणि दारूगोळा टाकून मागे हटावे लागले. मॅथ्यूज मांडीला जखम घेऊन परतला आणि संतापाच्या भरात पोर्तुगीज सेनानीच्या तोंडात त्याने आपली छडी खुपसली, असे मोहिमेत सामील असलेल्या क्लेमंट डाउनिंग याने लिहून ठेवले आहे. पोर्तुगीजांनी लवकरच मराठ्यांशी वेगळा तह केला. बून मायदेशी निघून गेला. तीन वर्षांनी, १७२४ मध्ये, डचांच्या सात जहाजांनी विजयदुर्गावर नशीब अजमावले आणि तेही हात हलवीत परतले.

त्याच वर्षी मुंबईचा नवा गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी यांच्यात पत्रव्यवहार झाला. लुटीच्या जोरावर चालणारे राज्य टिकत नाही, असा उपदेश फिप्सने केला होता. कान्होजींच्या उत्तराचा आशय असा, की दुसऱ्याचे आपलेसे करण्याची हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही. शिवाजी महाराजांनी स्वतःच्या बळावर राज्य उभे केले आणि आपण त्याच राज्याचे चाकर आहोत. मुंबईच्या दप्तरात हे उत्तर जपून ठेवले गेले आणि तरीही त्याच दप्तराच्या पानांत कान्होजी चाचेच राहिले.

१७२९ च्या पावसाळ्यात कान्होजी गेले. त्यांच्यामागे सेखोजी सरखेल झाले. पण १७३३ मध्ये त्यांचेही निधन झाले आणि संभाजी व मानाजी या भावांत वैर पेटले. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मध्यस्थी करून वाटणी केली. कुलाबा मानाजींकडे गेला, सरखेलपदासह विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाची बाजू संभाजींकडे. कान्होजींनी एका हाताखाली ठेवलेले आरमार दोन तुकड्यांत विभागले गेले. घरातील भांडण मिटवण्याचा हा तोडगा समुद्रावर महागात पडला.

संभाजींनंतर आलेले तुळाजी आंग्रे पराक्रमी होते, पण पुण्याची सत्ता मानायला तयार नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव जमिनीवरून आणि इंग्रज समुद्रातून, अशी ही मोहीम होती. एप्रिलच्या सुरुवातीस ‘प्रोटेक्टर’ जहाजावरून विल्यम जेम्सने सुवर्णदुर्गावर मारा केला, आतील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि किल्ला पडला. पुढच्या वर्षी, १३ फेब्रुवारी १७५६ रोजी, ॲडमिरल चार्ल्स वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. खाडीत एकमेकांना खेटून नांगरलेल्या जहाजांपैकी एकावर गोळा पडला आणि आंग्र्यांचे अवघे आरमार जळून गेले. किल्ल्यातील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी परस्पर वाटून घेतली. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. बूनपासून मॅथ्यूजपर्यंत कुणालाही जे जमले नव्हते, ते पुण्याच्या मदतीने घडले. मराठी इतिहासाच्या अभिमानाने भरलेल्या व्याख्यानांत हा प्रसंग बहुधा घाईने उरकला जातो.

विजेत्यांनी मात्र आपली स्मारके घाई न करता, नीट उभारली. वॉटसन १७५७ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात मरण पावला. तेथील सेंट जॉन्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याचे भव्य संगमरवरी स्मारक उभारले. ताडवृक्षांमध्ये उभा असलेला ॲडमिरल, एका बाजूला गुडघे टेकलेले कोलकाता, दुसऱ्या बाजूला साखळदंडातील चंद्रनगर, असा तो देखावा आहे. त्यावर कोरलेल्या विजयांत घेरियाचेही नाव आणि तारीख आहे. घेरिया म्हणजे विजयदुर्ग. जेम्सचा मनोरा लंडनमध्ये उभा राहिला, तेव्हा कान्होजींच्या निधनाला ५५ वर्षे झाली होती आणि त्यांचे वंशज कुलाब्यावर अजून राज्य करीत होते. वारस नसल्याचे कारण देऊन कंपनीने ते संस्थान १८४० मध्ये खालसा केले. त्यानंतर अलिबागची समाधी एका खालसा झालेल्या संस्थानाच्या संस्थापकाची, एवढीच उरली. शाळांच्या पुस्तकांतून कान्होजींची ओळख व्हायची, ती इंग्रजांनी दिलेल्या नावाने.

ते नाव पुसायला स्वतंत्र भारताच्या नौदलाने फार वेळ घेतला नाही. मुंबईच्या जुन्या किल्ल्यातील, बॉम्बे कॅसलच्या जागेवरील नौदलतळ ‘डलहौसी’ या नावाने ओळखला जाई. संस्थाने खालसा करण्यासाठी ख्यात झालेल्या गव्हर्नर जनरलचे हे नाव १५ सप्टेंबर १९५१ रोजी बदलले आणि तळाला ‘आयएनएस आंग्रे’ असे नाव देण्यात आले. ज्या कोटात बसून बूनने आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमा आखल्या, तो कोट आता आंग्र्यांच्या नावाने चालतो आणि तेथे कान्होजींचा पुतळाही आहे. पुढे १९९८ मध्ये खांदेरी बेटाला आणि तेथील दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले. १९९९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या आरमाराचे तिकीट काढले. त्यावर गुराबाचे चित्र होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे कान्होजींनी सांभाळलेले तिन्ही जलदुर्ग त्या यादीत आहेत. सरखेलांचे राहते ठाणे असलेला कुलाबा त्यात नाही. लंडनचा मनोरा दुरुस्त करून २०१४ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडण्यात आला. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाब्याकडे जाणारी वाट ओहोटीला खुली होते, भरतीला बंद होते; छत्र्यांकडे जाणारी वाट बारा महिने खुली असते.